पाण्याखालचा बांध

आमची जमीन वर्षातला बराचसा काळ धरणाच्या पाण्याखाली असते आणि उरलेला काळ भांडणाखाली. हे मी गमतीने सांगत नाही. गंमत वाटायचे दिवस कधीच गेले, आता नुसता कंटाळा राहिलाय.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या बाजूला निघालं की रस्ता सोडून आत एक धरण लागतं. माझे वडील लहान होते तेव्हा ते बांधलं गेलं आणि आमचं गाव त्यात गेलं. लोकांना वर टेकडीच्या उतारावर नवं गाव वसवून दिलं. लांब कुठेतरी थोडी जमीनही मिळाली होती, ती आजोबांच्या हयातीतच विकली गेली. वडिलांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, त्या नव्या गावातच राहिले. वडिलांना, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि ते नाशिककर झाले.

पण धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना ते काठोकाठ असतं. मग शहराला प्यायला, खालच्या शेतीला, असं देत देत ते उतरत जातं आणि होळीच्या सुमारास कडेची जमीन उघडी पडायला लागते. काळी, गाळाची, आतून ओली. तिला पाणी घालावं लागत नाही, खत तर नाहीच. बी टाकायचं आणि पावसाने पाणी परत चढायच्या आत पीक काढून घरी न्यायचं. याला गाळपेर म्हणतात. खात्याकडून ही जमीन हंगामापुरती भाड्याने मिळते आणि बुडालेल्या गावच्या लोकांना आधी मिळते. मालकी अर्थातच कुणाची नसते. तरी आमच्या गावाने आपापसात ठरवून टाकलंय की ज्याचं शेत जिथे बुडालं, त्याने तिथेच पेरायचं. त्यामुळे सरकारने कधीच ताब्यात घेतलेल्या, वर गाळाचे थर चढलेल्या जागेवर आमची माणसं दरवर्षी आजोबा-पणजोबांचे बांध शोधत फिरतात.

मी नाशकातच, द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. आठवीला ‘भूमी उपयोजन’ म्हणून प्रकरण आहे. जमिनीचा वापर कशाकशासाठी होतो ते त्यात दिलंय: घरं, दुकानं, कारखाने, शेती, वनं, मोकळी मैदानं. दरवर्षी ते शिकवताना मला आमचा पट्टा आठवतो. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं, ते मला अजून कळलेलं नाही. दोन भावांनी एकमेकांकडे पाठ करून बसण्यासाठी वापरलेली जमीन, असा रकाना पुस्तकात नाही.

आमचा पट्टा ओळखायची खूण म्हणजे गाळातून वर डोकावणारं एक दगडी बांधकाम, हातभर उंचीचं. ती आमच्या बुडालेल्या विहिरीची कड, असं अण्णा म्हणायचे. काकाही तेच म्हणायचे. इथवर दोघांचं एकमत होतं. आजोबांनी थकल्यावर सांगून ठेवलं होतं की विहिरीच्या वरच्या अंगाला थोरल्याने पेरायचं, खालच्या अंगाला धाकट्याने. भांडण होतं ते बांध विहिरीच्या नेमका कुठून जातो यावर. अण्णांच्या मते कडेला लागून, काकांच्या मते कडेच्या थोडा खाली. मधे जेमतेम चार पावलांची जागा होती. तिच्यावर मी माझ्या आयुष्यातले किती रविवार घालवले, ते आठवणंही मला नको वाटतं.

सुरुवातीला असं नव्हतं. दोघं भाऊ एकत्रच पेरायचे. मग अण्णांचं जाणं कमी होत गेलं. कारखान्यात जादा पाळ्या, माझं शिक्षण, पुढे आईचं दुखणं. एका वर्षी ते काकांना म्हणाले, “दादा, मला नाही झेपत आता हे. इथून पुढे तूच पेर सगळं.” काकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या हंगामात मात्र गावात चारचौघांसमोर त्यांनी सांगितलं, की विहिरीखालची ती जागा मुळातच माझी, धाकट्याचा तिथे काय संबंध? ते फिरत फिरत अण्णांच्या कानावर आलं. आपण दिलेली जमीन वेगळी आणि ‘ती तुझी नव्हतीच’ हे वेगळं. अण्णांना ते फार लागलं. त्या वर्षी त्यांनी रजा काढली, गावी जाऊन खुंट्या ठोकल्या आणि तिथून पुढे एकही हंगाम चुकवला नाही.

बोलणं बंद झालं ते तेव्हापासून. लग्नकार्यात दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. माझ्या लग्नात काका आले, अक्षता टाकल्या, मांडवाच्या दारातूनच परत गेले.

बांध आखताना दोरीचं एक टोक अण्णा धरतात. दुसरं टोक पूर्वी आई धरायची, ती गेल्यावर माझ्याकडे आलं. अण्णा आता आमच्याकडेच राहतात. फेब्रुवारी संपत आला की ते गॅलरीत दोरी सोडवत बसतात, तिच्या गाठी मोजतात, आणि मी कॅलेंडरातले रविवार. रविवारची एकच सुट्टी. त्या दिवशी पहाटे उठून डबा करायचा, कुदळ आणि बियाण्याची पिशवी स्कूटरवर पायाशी घ्यायची, मागे अण्णा, आणि द्वारकेच्या गर्दीतून वाट काढत शहराबाहेर पडायचं. शहराबाहेर म्हणजे कुठे, तेही आता कळत नाही. धरणाच्या काठापर्यंत प्लॉट पडलेत. जिथे आमच्या लोकांना हुसकून वर बसवलं, तिथूनच पाणी छान दिसतं म्हणून मुंबईचे लोक बंगले बांधतायत. आमचं बुडालेलं गाव हा त्यांचा ‘व्ह्यू’ आहे.

काकांचं घर उताराच्या अगदी कडेला. ओट्यावर बसलं की खालचं सगळं धरण दिसतं. आम्ही खाली पोहोचायचो तेव्हा काका ओट्यावर हजर असायचेच. दोरी ताणली की वरून आवाज यायचा.

“सांग तुझ्या बापाला, दोन हात आत घुसला म्हनाव!”

अण्णा मान वर न करता मला सांगायचे, “म्हणावं, डोळे तपासून घे.”

दोघांमधलं टपाल खातं मी. निरोप पोहोचवायची गरजच नसायची, दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू यायचं. काकू मात्र थोड्या वेळाने गुपचूप खाली यायची, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन. “सकाळधरनं बसल्यात वट्यावर,” ती मला म्हणायची. “च्या बी घेतला नाय.” मला वाटायचं, काय हा माणसाचा हावरटपणा, चार पावलं जमिनीची राखण करायला उपाशी बसतो.

एका वर्षी काका न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांना खाली उतरता येईना. त्यांचा भाग दुसराच कुणी पेरू लागला. ओट्यावर आता प्लॅस्टिकची खुर्ची आली, पण ओरडणं तेच राहिलं.

मी अण्णांना किती वेळा म्हटलं असेल, की सोडा आता. जे मूग निघतात त्यात पेट्रोलसुद्धा सुटत नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “मूग गेले खड्ड्यात. बांध कुठे होता ते त्याने एकदा कबूल करावं. मग मी त्याच्याशी बोलेन.” हे ते रागाने म्हणायचे, पण ‘बोलेन’ म्हणताना आवाज बदलायचा. त्यांना मूग नको होते, जमीन नको होती. भाऊ हवा होता, आणि तो मागायची लाज वाटत होती.

मग तो दुष्काळाचा हंगाम आला. पाऊस मधेच दडी मारून बसला आणि परतलाच नाही. धरण भरलंच नव्हतं. संक्रांतीलाच आमचा पट्टा उघडा पडला आणि आम्ही मूग लवकर पेरले. शहरात पाणी एक दिवसाआड झालं, आमच्या इमारतीत टँकर यायला लागले, शाळेत मुलांना घरून बाटल्या भरून आणायला सांगितलं. मी वर्गात ‘अवर्षण’ शिकवत होते आणि घरी बादल्या लावत होते. याच धरणाचं पाणी सोडलं की पावसाळ्यात गोदाकाठचे दुकानदार माल माळ्यावर चढवतात. तेच धरण आता तळाला गेलं होतं. उन्हाळा लागला तसं बुडालेलं गाव हळूहळू वर यायला लागलं. आधी देवळाची पायरी, मग घरांची जोती. पोरं ड्रोन घेऊन रील काढायला जायला लागली.

त्याच दिवसांत काकूचा फोन आला. “यंदा ह्यांचं काय खरं नाय. अन्न जात नाय पोटात. डाक्टरनी घरी न्या सांगितलं. भावजींना म्हनाव, एकदा येऊन बोलून जा.”

मी अण्णांना सांगितलं. ते गॅलरीतली दोरी गुंडाळायला लागले. मग म्हणाले, “आधी बांध.” मी तिथून उठून गेले. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर ओरडायचीसुद्धा ताकद माझ्यात उरली नव्हती.

मूग काढायला आम्ही गेलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. घरी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा पडला होता. ऊन असं की स्कूटरचं हँडल धरवेना. खाली उतरलो आणि अण्णा थबकले. आमच्या पट्ट्याच्या खूप खाली, जिथे आजवर कायम पाणीच पाहिलं होतं, तिथे गाळातून दगडांचा एक मोठा गोल वर आला होता.

अण्णा मूग विसरले. चपला हातात घेऊन चालायला लागले. जमीन भेगाळलेली, पापुद्र्यांवर पाय दिला की कडकड मोडायची, मधेच पाय घोट्यापर्यंत आत जायचा. “अण्णा, फसाल,” मी मागून म्हणत होते. ते ऐकत नव्हते.

ती विहीर होती. चांगली दोन मोटांची, घडीव दगडांची. आत गाळ भरलेला. अण्णा कडेने फिरत होते, हाताने दगड चाचपत होते. एका रुंद दगडापाशी ते खाली बसले आणि माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली. दुष्काळात प्यायचं पाणी त्यांनी त्या दगडावर ओतलं आणि धोतराच्या सोग्याने गाळ पुसायला लागले. खाली रेघा दिसल्या. कोरलेल्या, उभ्या-आडव्या-तिरक्या. वाघबकरीचा पट.

“दादानं कोरला,” अण्णा म्हणाले. “मला थंडीताप आला होता. ढोरांमागं जायला मिळेना म्हणून रडत होतो. त्यानं चार दिवस छिन्नी घेऊन हे केलं, माझ्याशी खेळायला.”

ते पटावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी मान वळवून वर पाहिलं. आमचा पट्टा तिथून लांब होता, जुन्या देवळाच्या पायरीजवळ. ती हातभर उंचीची दगडी कड, जिच्यावरून एवढं सगळं झालं, तीही दिसत होती. भोवतीचा गाळ यंदा सुकून खचला होता आणि खालून पाहिल्यावर ती गोल नव्हतीच. लांबट होती.

“डोण आहे ती,” अण्णा पुटपुटले. “ढोरांना पाणी पाजायची डोण. गावाचं गायरान होतं तिथं.”

आम्ही इतकी वर्षं ज्या चार पावलांसाठी भांडलो ती जागा अण्णांची नव्हती आणि काकांचीही नव्हती. गावाची ढोरं तिथे बसायची. मला हसू येत होतं आणि संतापही. उन्हात उभं राहून धरलेली ती दोरी, बुडालेले रविवार, माझ्या लग्नात न जेवता गेलेले काका, सगळं एकदम डोक्यात आलं. मी मोबाइलवर पटाचा फोटो काढला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

“चल,” अण्णा म्हणाले. आम्ही चढ चढायला लागलो. अर्ध्या वाटेत त्यांनी दम खाल्ला आणि मला बजावलं, “तू काही बोलू नको.”

काका खुर्चीत होते. मागच्या वर्षीचे काका आणि हे काका यांत नुसतं हाडांचं साम्य होतं. आम्हाला अंगणात बघून काकू दारातच थांबली. काकांनी अण्णांकडे न बघता मला विचारलं.

“इचार तुझ्या बापाला. हीर निघाली म्हनं. बांध कोनाचा खरा निघाला?”

अण्णा ओट्याच्या पायरीवर बसले. “तुझा,” ते म्हणाले. गावात आलं की त्यांचं शहरी बोलणं गळून पडतं, पण भावाशी थेट बोललेलं मी किती तरी वर्षांनी ऐकत होते. “तुझाच खरा निघाला, दादा. तू म्हनत व्हता तिथंच हाय.”

मी तोंड बंद ठेवलं. ज्या कबुलीसाठी माझ्या बापाने इतकी वर्षं घालवली, ती त्याने स्वतःच देऊन टाकली होती, आणि तीही खोटी.

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. “खोटं बोलतो,” ते म्हणाले. “ती हीर नाय. ती ढोरांची डोन हाय. रोज सांच्याला मीच भरायचो ती. तू माझ्यामागं पोहरा घेऊन यायचा, निम्मं पानी वाटंत सांडायचा.”

“तुला ठावं व्हतं?”

“मंग? थोरला मी हाय. मला नसंल ठावं?”

“मंग येवढी वर्सं बोंबलत कशाला व्हता?” अण्णांचा आवाज चढला. “चार मान्सांत माझं नाक कापलं. पोरीच्या लग्नात जेवला नाय. कशापायी?”

काकांनी मांडीवरचा टॉवेल नीट केला. “तू म्हनला, दादा, तूच पेर समदं. मंग तू कशाला आला असता हिकडं?”

मला सकाळपासून उपाशी ओट्यावर बसलेला माणूस आठवला, आणि त्याला मी हावरट म्हटलं होतं तेही.

“येडा हाय का तू,” अण्णा म्हणाले. “ये म्हनून निरोप धाडायचा व्हता.”

“धाडला व्हता की. दोन साल धाडला. तवा तुला सुट्टी नव्हती.” काका खोटं बोलत नव्हते. मी लहान होते तरी ते निरोप मला आठवतात. “बांधाचं कळलं तवा बरी गावली सुट्टी.”

मला रडू आवरेना. मी आत जाऊन काकूला चहाला मदत करायला लागले. काकूला सगळं माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. ती चहात साखर घालत होती आणि पदराने नाक पुसत होती.

बाहेर आले तेव्हा अण्णा पायरीवरून उठून खुर्चीच्या शेजारी ओट्यावर बसले होते. काका विचारत होते, पट अजून आहे का. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. काकांनी बोट लावलं आणि फोटो सरकला. “हालतंय का हे,” ते वैतागले. मी तो परत जागेवर आणून दिला. दोघांची पांढरी डोकी त्या छोट्या काचेवर वाकली.

“वाघाचं घर बुजलंय,” काका म्हणाले.

“मधलं तेवढंच,” अण्णा म्हणाले. “खेळायला अडचन नाय.”

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. मूग तसेच शेतात राहिले होते. मी स्कूटर वळवून घेतली, अण्णा मागे बसले आणि मी किल्ली फिरवणार इतक्यात ओट्यावरून हाक आली. आवाज पार बसलेला होता, तरी शेजारच्या घरांत ऐकू जावा एवढा जोर काकांनी कुठून तरी आणला होता.

“सांग तुझ्या बापाला! यंदा बी दोन हात आत घुसलाय म्हनाव!”

अण्णा स्कूटरवरून खाली उतरले. फाटकाशी जाऊन उभे राहिले. “दोरी घेऊन येतो!” ते ओरडले. “मोजूनच दाखवतो तुला!”

“कवा?” काकांनी लगेच विचारलं. त्यात ओरडणं नव्हतं.

“पानी उतरलं की,” अण्णा सवयीने म्हणाले. मग त्यांनी खाली धरणाकडे पाहिलं. उतरायला पाणीच राहिलं नव्हतं. ते पुन्हा काकांकडे वळले. “नाय. उद्या येतो. सकाळीच.”

घरी पेपरांचा गठ्ठा तसाच पडला होता. वाटेत थांबून मी मुख्याध्यापकांना फोन केला आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.